वीसच घे, सावंता

तांडेल बसलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. गाडीत बसायचा ते धरू नका. तिथे तो पट्ट्यांनी बांधलेला असायचा, आणि बांधलेल्या माणसाला कुणी बसलेला म्हणत नाही. एरवी चहा उभ्याने, जेवण उभ्याने, गप्पा चालता चालता. गिऱ्हाईक आपलं दुखणं सांगत असलं तरी हा गाडीभोवती फेऱ्या घालायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं मान वळवत त्याच्या मागे फिरायचं. माझ्या मशिनजवळ एक लोखंडी स्टूल होतं. साकीनाक्यातला प्रत्येक मेकॅनिक त्यावर कधी ना कधी बसून गेला. तांडेलने त्यावर पाय ठेवला, डबा ठेवला, एकदा अख्खा गिअरबॉक्स ठेवला, पण बूड कधी टेकवलं नाही.

"बस की रे जरा," मी म्हणायचो.

"उभी होडी किडते, सावंता."

"मग तू उभाच आहेस की."

"मी हलतोय," तो म्हणायचा, आणि खरंच एक पाय हलवत असायचा.

मी सावंत. साकीनाक्याला एका गाळ्यात बोरिंगच्या मशिनवर मी सव्वीस वर्षं काढली. आमचं काम सांगायला सोपं आहे. गाडी फार चालली की इंजिनातली नळकांडी आतून झिजतात, त्यांना ओरखडे पडतात. आम्ही ती कातून जराशी मोठी करायची आणि तेवढाच जरासा मोठा पिस्टन आत बसवायचा. मापं ठरलेली. पहिला साईज वीस, दुसरा चाळीस. म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले वीस, नाहीतर चाळीस. दोन-चार केसांच्या जाडीचं काम, पण आवाज असा की घरी बायको हाक मारते ती आजही मला दुसऱ्यांदा ऐकू येते. पहिल्यांदा ऐकू आली तरी मी ओ देत नाही, असं तिचं म्हणणं आहे.

तांडेलचं गॅरेज आमच्या मागच्या भिंतीला लागून होतं. त्या भिंतीतली एक वीट निघालेली होती. त्या भोकातून तो पाने मागायचा, भज्यांचा पुडा सरकवायचा आणि दिवसातून दहा वेळा "झालं काय?" विचारायचा. काम दिलेलं नसलं तरी विचारायचा.

तो मढचा कोळी. नाव काशिनाथ, पण त्या नावाने त्याला त्याची आईसुद्धा हाक मारत नसावी. बापाची होडी होती, होडीला डिझेल इंजिन होतं, आणि काशिनाथ चौदा वर्षांचा असताना किनाऱ्यावर पाठ करून उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही अमक्याची होडी, ही तमक्याची, आणि हिचा एक नॉझल गळतोय. पुढे गावातली दुरुस्त करायची इंजिनं संपली आणि याचे हात शिवशिवत राहिले. म्हणून खाडी ओलांडून वर्सोव्याला आला आणि तिथून साकीनाक्याला. रोज सकाळी खाडीवरच्या तरीच्या होडीत बसणं त्याला जमत नसे. तो तरीवाल्याच्या इंजिनापाशी उभा राहायचा आणि वर्सोवा येईपर्यंत त्याला सल्ले द्यायचा. शेवटी तरीवाल्याने त्याच्याकडून पैसे घेणं बंद केलं आणि बदल्यात गप्प राहायला सांगितलं. हा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पैसे देऊ लागला.

त्याला दोन खोडी होत्या. पहिली वेगाची. एका बँकेतल्या साहेबांची फियाट त्याच्याकडे ब्रेक घट्ट करायला आली. याने ब्रेक केले, मग कार्बोरेटर उघडला, मग राहवलं नाही म्हणून टायमिंगला हात घातला. आठ दिवसांनी साहेब परत आले. बरोबर बाई होत्या. साहेब खाली बघत होते. बाई म्हणाल्या, "हे बघा, आमची गाडी पूर्वी होती तशी करून द्या. हे काल मुलुंडला जाताना हसत होते." तांडेलने गाडी पूर्वीसारखी करून दिली, पण दिवसभर तो एखाद्याच्या मयताला जाऊन आल्यासारखा हिंडत होता.

दुसरी खोड धुण्याची. त्याच्या हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी रॉकेलमध्ये जायची. "आधी धुवायचं, मग बघायचं," हे त्याचं शास्त्र. मळात दोष लपतो, म्हणायचा. माझा जेवणाचा डबा त्याने एकदा पान्यांबरोबर धुतला. पुढे महिनाभर माझ्या आमटीला रॉकेलचा वास येत होता आणि घरात माझ्यावर संशय होता. एका गिऱ्हाइकाच्या काचेवर चिकटवलेला टॅक्सचा कागद त्याने काचेसकट घासून स्वच्छ केला. गिऱ्हाईक बोंबललं तेव्हा हा म्हणाला, "काच बघ ना पण! कशी झकास झाली!"

याच माणसाने गॅरेजच्या मागच्या बाजूला एक शर्यतीची गाडी बांधली होती. मूळ गाडी जुनी टॅक्सी. आतल्या सीटा काढल्या, चालवणाऱ्याची तेवढी ठेवली. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला. इंजिनाचा प्रत्येक भाग धुऊन, घासून, पुन्हा धुऊन लावला. पिस्टनची डोकी तर आरशासारखी घासायची, असा त्याचा हुकूमच होता. त्याने गाडीला जोर येतो असं तो म्हणायचा. ती घासायचं काम माझ्याकडे असे.

एकदा पहाटे त्याने मला त्या गाडीतून पवईच्या रस्त्याला नेलं. मला सीट नव्हती. मी दुमडलेल्या गोणपाटावर बसलो आणि पिंजऱ्याचा पाइप दोन्ही हातांनी धरला. तलावाच्या वळणावर माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं की आणखी काय ते मला सांगता येणार नाही. पण भीतीतही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तांडेलचा पाय हलत नव्हता. खांदे सैल होते. चेहरा दुपारी जेवून पडलेल्या माणसासारखा निवांत होता. जो माणूस भज्यांचा घाणा निघेपर्यंत थांबू शकत नाही, तो त्या वेगात एकदम शांत झाला होता. मग मला कळलं की या माणसाला गाडी कशाला लागते. मी उतरलो तेव्हा माझी एक चप्पल गाडीतच राहिली होती, आणि ती मागायला परत आत वाकायची माझी छाती झाली नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी रस्त्यावर नवी छोटी गाडी दिसायला लागली होती, आणि साकीनाक्यातले आम्ही सगळे आपलं आता काय होणार म्हणून धास्तावलो होतो. तांडेलची धास्ती वेगळी होती. त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी गेला होता. तेव्हापासून होडी मढच्या वाळूत ओढून ठेवलेली होती. आई टोपली घेऊन मावरं, म्हणजे मासे, विकत होती, ते दुसऱ्यांच्या होडीतले. एका रविवारी मी त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा म्हातारीने माझ्यादेखत विषय काढला. तिने माझ्या पानात तळलेलं पापलेट वाढलं, आणि मला वाढता वाढता मुलाला म्हणाली, "तुजी गारी पयली आली त मना काय मावरं देल?"

"आये, खाऊ दे ना त्याला."

"खाऊंदे. मी त्याला कुठं बोलतंय? तुजा बापूस गेला, होरी वालूत किरते. लोक इचारतात मना."

तांडेल हातात ताट घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालत होता. मग थांबला. म्हणाला, "हा एक सीझन दे, आये. नंबर आला तर एक कंपनी तिची गाडी चालवायला देते बोलली आहे, पगारावर. नाय आला तर होडी पाण्यात घालतो. तुझी शपथ."

 म्हातारीने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी टाकली. म्हणजे ठरलं. वर्षभरात देशात पहिला नंबर आला तर गाडी, नाहीतर होडी. मी या शपथेला साक्षीदार होतो आणि माझं तोंड माशाने भरलेलं होतं.

त्या सीझनला तीन शर्यती होत्या: कलकत्त्याला एक, बंगळूरला एक, शेवटची मद्रासला. शर्यत म्हणजे काही रस्त्यावरची मारामारी नव्हे. शहराबाहेर लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्ट्या होत्या, त्यांवर ड्रम आणि गवताचे भारे मांडून वळणं करायची आणि बंदिस्त गाड्या पळवायच्या. मुलं कारखानदारांची असत. त्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली झाकून, स्वतःच्या ट्रकमधून यायच्या. तांडेलची गाडी त्याच्या मावसभावाच्या मासळीच्या ट्रकमधून जायची. ट्रक कितीही धुतला तरी वास जायचा नाही, आणि याने तो किती धुतला असेल ते सांगायला नको. "मच्छीवाला आला," असं ती मुलं म्हणायची. तांडेलला त्याचं काही नव्हतं. "वास त्यांना पुढून येतो तोपर्यंत ठीक आहे, मागून आला तर वाट लागली समजायची," म्हणायचा.

त्यातला खरा तोडीचा एकच, घाटकोपरचा मेहता. बापाचा पंपांचा कारखाना, पण मुलगा स्वतः कपडे काळे करणारा. कलकत्त्याला तांडेल पहिला आला, मेहता दुसरा. बंगळूरला उलट झालं. तिथे शेवटच्या फेऱ्यांत तांडेलचं इंजिन आतल्या आत धरलं, पिस्टन अडकायला लागला, आणि कसाबसा खुरडत तो दुसरा आला. दोघे सारखे झाले. आता मद्रासला जो पुढे, त्याचा नंबर.

इंजिन उघडलं तर तिसऱ्या नळकांड्यात खोल ओरखडा. तो ब्लॉक, म्हणजे चारही नळकांड्यांचा लोखंडी ठोकळा, तांडेलने माझ्या मशिनवर आणून ठेवला.

"वीसच घे, सावंता. वर जाऊ नको."

"बघतो."

"बघतो नाय. वीसच."

एवढं बोलून तो टायर आणायला पुण्याला गेला. दोन दिवसांनी ट्रक निघणार होता.

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच आहे. वीसच घे, हे प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं. कमी कातलं तर पुढच्या वेळेला लोखंड शिल्लक राहतं, म्हणून सांगतं. आणि साकीनाक्यातला प्रत्येक बोरिंगवाला ते ऐकतो आणि सोडून देतो. वीसमध्ये ओरखडा गेला तर ठीक. नाही गेला तर न विचारता चाळीसवर जायचं, कारण ओरखडा ठेवून काम परत देणं म्हणजे आमच्यात चोरी. तो ओरखडा चार दिवसांत पिस्टनवरच्या रिंगा खातो. मग ब्लॉकच्या अंगावर खडूने साईज लिहायचा. गिऱ्हाईक तो वाचतं, थोडी कुरकूर करतं आणि घेऊन जातं. हीच आमची रीत.

मी वीस कातलं. तिसऱ्यातला ओरखडा बोटाला लागतच होता. मी मशिन थांबवलं नाही. चाळीसवर नेलं. चारही नळकांडी आतून चकचकीत झाली, असं काम माझ्या हातून पुन्हा झालं नसेल. पिस्टनच्या डोक्यावर साईजचा आकडा ठोकलेला असतो. तो मी तांडेलच्या हुकमाप्रमाणे डोकी घासताना घासून टाकला. पिस्टन आत बसवले. ब्लॉकवर खडूने ठळक लिहिलं: ४०.

तांडेल पुण्याहून आला तो पळतच. "झालं काय?"

"झालं. मोजून घे."

"तुझ्या हातचं मी मोजत नाय," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर रॉकेलचा डबा ब्लॉकवर ओतून ब्रश मारायला लागला. खडूचं पांढरं पाणी जमिनीवर ओघळलेलं मी पाहिलं. वाटलं, वाचला असेल. आधी धुवायचं, मग बघायचं, हे त्याचं शास्त्र मला पाठ होतं, तरी त्या वेळी आठवलं नाही.

मद्रासला मी त्याच्याबरोबर गेलो. शर्यत मी ड्रमांपलीकडे उन्हात उभं राहून पाहिली. पाहिली म्हणजे धूळ पाहिली आणि धुळीतून कोण आधी निघतो ते मोजलं. मेहता पुढे, तांडेल मागे. तांडेल पुढे, मेहता मागे. शेवटच्या फेरीत शेवटच्या ड्रमापाशी मेहताने ब्रेक लावला आणि तांडेलने लावलाच नाही. निदान मला तरी तसं वाटलं. तो ड्रमाला घासून आतून निघाला आणि एका गाडीच्या अंतराने पहिला आला. मी ओरडलो की रडलो ते आठवत नाही. शेजारच्या एका मद्रासी गृहस्थांना मी मिठी मारली होती, कारण नंतर त्यांनी आपला शर्ट झटकला.

शर्यत संपल्यावर पहिल्या दोन गाड्या एका शेडखाली उभ्या करून तपासायच्या असतात. तपासणारे म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे इंजिनीअर. छत्री घेऊन फिरायचे. मेहताच्या गाडीचं झाकण उघडून त्यांनी बरंच पाहिलं. तांडेलच्या गाडीकडे आले, आत डोकावले आणि हसले. इतकं स्वच्छ इंजिन त्यांनी रेल्वेतही पाहिलं नसावं. त्यांनी कागद काढला. "तांडेल, तुम बोलो, मैं लिखता हूँ. बोअर कितना?"

मी दहा पावलांवर पाने गोळा करत होतो. तांडेलने मान न वळवता मला विचारलं, "सावंता, वीस ना?"

मी म्हणालो, "नाय रे, चाळीस. खडूने लिहिलं होतं ना. वीसमध्ये ओरखडा जाईना."

मी हे अगदी सहज बोललो. मला गणित माहीत नव्हतं. तांडेलला माहीत होतं. तांडेलची गाडी ज्या गटात धावायची त्यात इंजिन अकराशे सीसीच्या वर चालत नसे. कारखान्यातून गाडी येते ती एक हजार एकोणनव्वदची. वीस कातलं की एक हजार शहाण्णव. चाळीस कातलं की अकराशे दोन. दोन सीसी जास्त. डॉक्टरच्या इंजेक्शनच्या नळीत मावेल एवढी हवा. तेवढ्याने गाडी हातभरसुद्धा पुढे जात नाही. पण कायदा तो कायदा.

तांडेल खाली बसला. शेडमध्ये एक जुना टायर आडवा पडला होता, त्यावर बसला. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर. पाय हलत नव्हता. मला आधी वाटलं उन्हाने चक्कर आली, म्हणून मी पाणी घेऊन धावलो. मग त्याने मला हळू आवाजात ते गणित सांगितलं.

म्हातारे साहेब मराठी जाणत नव्हते. ते पेन उघडून थांबले होते. पण मेहता घाटकोपरचा. त्याला सगळं कळलं होतं. तो आपल्या गाडीपाशी हेल्मेट पुसत उभा होता. जवळ आला आणि म्हणाला, "तांडेल, आपण काय ऐकला नाय हां. तू फास्ट होता. बस." आणि तो पाठ करून उभा राहिला.

मी तांडेलच्या कानाशी वाकलो. "वीस सांग. कोण उघडतंय? तुझ्या आईची आण, वीस सांग."

"तू ऐकलंस, त्याने ऐकलं," तो म्हणाला. "मी पण ऐकलं ना."

किती वेळ बसला असेल? मिनिटभर. मला तो मढच्या वाळूतल्या त्या होडीसारखा वाटला, पण हे मी नंतर ठरवलेलं असेल. मग तो उठला. म्हाताऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला. "साब, चालीस. दूसरा साइज."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना गणित करायला वेळ लागला नाही. "पक्का? खोल के नाप लूँ?"

"नापने का ज़रूरत नहीं, साब. सावंत का हाथ है. चालीस बोला तो चालीस."

त्याचा नंबर गेला. मेहता देशाचा पहिला झाला. बक्षीस घेताना तो हसत नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो. आणि माझ्या बाजूने सांगण्यासारखं काहीच नाही. मी घरी बायकोला म्हणालो होतो की माझ्या कामात चूक काढून दाखव. चूक कामात नव्हतीच. न विचारण्यात होती. आमच्या बाजारात त्याला कुणी चूक म्हणत नव्हतं, म्हणून मला ती दिसली नाही.

परतीच्या वाटेवर तीन दिवस तो ट्रकच्या मागच्या बाजूला गाडीपाशी उभा होता, दोरीला धरून.    मावसभाऊ ट्रक हाकत होता आणि उगाच भजनं म्हणत होता. खंडाळ्याचा घाट उतरताना ट्रक थांबला, आम्ही चहाला उतरलो. तांडेल कप हातात घेऊन इकडून तिकडे गेला, परत आला आणि म्हणाला, "ओरखडा गेला होता ना पण? पूर्ण?"

"पूर्ण गेला होता."

"मग बरोबर केलंस," तो म्हणाला आणि कप विसळायला गेला. चहावाल्याचा नळ होता, त्याने तिथले सगळेच कप विसळून ठेवले. मी ट्रकच्या मागे जाऊन रडलो. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

गॅरेज महिन्याभरात बंद झालं. भिंतीतल्या भोकातून पलीकडे अंधार दिसायचा, म्हणून मी तिथे वीट बसवली आणि दोन दिवसांनी पुन्हा काढली. त्याच्या जागी फर्निचर पॉलिश करणारे आले. चांगली माणसं होती, पण ती बसून काम करायची.

दोन-अडीच वर्षांनी दुपारी आमच्या गाळ्यासमोर हातगाडी थांबली. तिच्यावर होडीच्या इंजिनाचा ब्लॉक आणि शेजारी तांडेल, उन्हाने काळा ठिक्कर, लुंगीवर, एक पाय हलवत. आम्ही एकमेकांना काय म्हणालो ते काही विशेष नव्हतं. ब्लॉक मशिनवर चढवला. मी वीस कातलं आणि बोट फिरवलं. एक ओरखडा राहिला होता. या वेळी मी मशिन थांबवलं. बाहेर आलो. तो हातगाडीभोवती फेऱ्या घालत होता.

"वीसमध्ये जात नाही," मी म्हणालो. "काय करू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "मला काय विचारतोस? जाईपर्यंत घे. दर्यावर कोण मोजतंय?"

मी चाळीसवर नेलं. खडूने लिहिलं. माप घ्यायचं यंत्र त्याच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "या वेळी मोज. माझ्यासाठी."

"तुझ्या हातचं मी मोजत नाय." त्याने माझाच रॉकेलचा डबा उचलला. पण ओतायच्या आधी वाकला आणि बोट लावून मोठ्याने वाचलं, "चाळीस." मग ओतलं.

शेवटचं त्याला पाहिलं ते त्यानंतर महिन्याभरात. इंजिन कसं चालतंय ते ऐकावं म्हणून मी रविवारी मढला गेलो. धक्क्यावर म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिच्या मागे, घरासमोर, गाडीतला तो पाइपांचा पिंजरा वाळूत रोवलेला होता आणि त्यावर बोंबील वाळत घातले होते. तिने मला ओळखलं. "बैस, बाला. येतील आता."

होड्या परतायची वेळ होती. जी होडी आधी लागते तिच्या मासळीला भाव चांगला मिळतो, म्हणून सगळ्या होड्या धक्क्याला आपापल्या हिशेबाने येतात. पाच-सहा ठिपके दिसत होते. मला आधी आवाज आला. माझ्या कानांना हल्ली फारसं ऐकू येत नाही, तेव्हाही तितपतच यायचं, पण तो आवाज मी ओळखला. माझंच चाळीस होतं ते. दुसऱ्या होड्यांत माणसं जाळ्यांवर बसलेली. या एका होडीत एकजण सुकाणूपाशी ताठ उभा. खाडीच्या तोंडाशी दुसऱ्या एका होडीने वेग कमी केला, जसा सगळे करतात. याने केला नाही. तो तिच्या आतल्या बाजूने, खडकाला जवळजवळ घासून निघाला आणि एका होडीच्या अंतराने धक्क्याला लागला. मागच्या होडीतून शिव्या आल्या.

म्हातारीने टोपली उचलली. मला वाटलं ती त्याला ओरडणार. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पयला आला."

तिथे मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. तांडेलने दोर फेकला, उडी मारून धक्क्यावर आला, आईच्या टोपलीत मासळी ओतली. मला हात केला. "सावंता! थांब, आलोच!" म्हणाला, आणि बादली घेऊन होडी धुवायला परत गेला.